सातवा खडा

आत्या : आणखी किती चिरणार आहेस?

गोदा : तेरा झाले. पहिल्या वर्षी आईनं वीस चिरले होते.

आत्या : बावीस. दोन सडके निघाले म्हणून वीस.

गोदा : तुला काय माहीत? तू तर दाराबाहेर बसली होतीस.

आत्या : दाराबाहेर होते, बहिरी नव्हते. विळीवर कांदा पडला की ऐकू येतो. डोळे पूस आधी.

गोदा : कांद्यानं आलंय.

आत्या : मी कुठं दुसरं काही म्हटलं? पूस. आणि ऐक माझं, गोदे. वहिनीला जाऊन दहा महिने झाले. वर्षश्राद्ध व्हायचंय. वर्षाच्या आत घरात पंगत घालत नाहीत. आईचंच वर्ष आहे ना हे तुझ्या?

गोदा : सणाची पंगत घालत नाहीत. हा सण कुठं आहे? सण असता तर तुम्हाला कुणी बोलावलं असतं का?

आत्या : जीभ बापाची घेतलीस.

गोदा : आज चैत्रातला शुक्रवार. समोर गौर मांडलीय, कोपऱ्यावर कमळाबाईंकडे मांडलीय. आळीभर डाळ वाटतायत, कैऱ्या उकडतायत. संध्याकाळी प्रत्येक बाई कुठं ना कुठं हळदीकुंकवाला जाणार. ज्यांना कुणी बोलावत नाही त्या सहाजणी आपल्याकडे येतात. अकरा वर्षं येतायत. आई गेली म्हणून त्यांनी आज दार लावून बसायचं?

आत्या : मी बसते की.

गोदा : तू का बसतेस ते मला अजून कळलेलं नाही.

आत्या : विस्तव जास्त झालाय बघ.

गोदा : जास्त कुठं? आत्ता तर कांदा टाकलाय.

आत्या : चरचरतोय केवढा. वहिनीचा असा वाजला नव्हता. ती म्हणाली होती, ह्या साराचा कांदा बोलता कामा नये. निखारे ओढ बाजूला. अर्धे. आणखी. हां. आता हलवत राहा. तासभर.

गोदा : तासभर?

आत्या : लाल होईपर्यंत. भजीचा लाल नव्हे, गुळाचा लाल. हात सोडलास तर खाली लागतो आणि मग सगळं कडू.

गोदा : पसंत नाही म्हणतेस आणि शिकवतेस.

आत्या : पसंत नाहीच. कांदा, आणि विधवांच्या पानात. अकरा वर्षांत अकरा देशांचं झालं, त्यातून हाच बरा सापडला तुला पुन्हा करायला. तो तांबड्या भोपळ्याचा गोडसर प्रकार होता, तो तरी करायचास. कुठल्या देशाचा?

गोदा : हंगेरी.

आत्या : तो. किंवा तुर्कांचा पानात गुंडाळलेला भात. ह्या कांद्याच्या वेळी भटजी दारात येऊन उभे राहिले होते.

गोदा : मी शाळेत शिकवायला गेले होते. आई काय म्हणाली त्यांना? ती मला कधी धड सांगायची नाही.

आत्या : म्हणाली, विधवेनं कांद्याची भजी खायची नाहीत, भाजी खायची नाही, थालीपिठात घालून खायचा नाही, सगळं मान्य. फ्रान्सच्या लोकांचं कांद्याचं सार खायचं नाही असं कुठल्या पोथीत आहे, तेवढं दाखवा.

गोदा : मग?

आत्या : मग काय. पोथीत फ्रान्स शोधायला गेले ते अजून आलेले नाहीत.

गोदा : हसलीस.

आत्या : खोकला आला. ती वाटी कसली ठेवलीस फळीवर?

गोदा : मीठ. चार वाजले की बोलावणं करायला जाणार. सकाळी कोपरीहून गुणाजीनं आणून दिलं. त्याच्या मिठागरातलं. दर वर्षी आईला देत होता, न सांगता घेऊन आला.

आत्या : हातावर मीठ देऊ नये. भांडण होतं.

गोदा : तू दर वर्षी हेच म्हणायचीस आणि आई दर वर्षी म्हणायची, वन्सं, ज्यांच्याशी भांडायलासुद्धा कुणी येत नाही त्यांच्याशी मी भांडेन. दुसरं काय ठेवणार होती ती हातावर? सवाष्णीला कुंकू लावून बोलावतात. आईला लावता येत नव्हतं, त्यांना लावून घेता येत नव्हतं. म्हणून खडा. ‘जेवण तयार आहे, मीठ तेवढं तू घेऊन ये.’ आणि प्रत्येकीनं आपला खडा आपल्या हातानं पातेल्यात टाकायचा.

आत्या : माहीत आहे मला.

गोदा : सहाजणी येत होत्या. आणि वाटीत खडे सात असायचे.

आत्या : हलव. थांबलीस तू.

गोदा : गेल्या चैत्रात तर आईला जिना उतरवत नव्हता, तरी गेली. सहांतली एक लेकाकडे राहायला गेली, तिचा खडा रतनचा. रतनला तिच्या सासरच्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही, नवरा जाऊन चार महिने झाले होते. आई तिच्या खिडकीखाली उभी राहिली. म्हणाली, पुढल्या वर्षी तुझ्या हातावर. बावीस वर्षांची पोरगी आहे ती, आत्या. परवा शाळेच्या वाटेवर भेटली. विचारलंन नाही काही. नुसती माझ्या हाताकडे बघत होती.

आत्या : दार वाजलं. बघ कोण आहे. थांब, तू हलव. उघडंच आहे. ये रे, कोण ते.

(गोदाचा धाकटा भाऊ सुधीर डोंबिवलीहून आला आहे. चपला बाहेर काढून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो.)

सुधीर : आळीच्या तोंडापासून वास येतोय.

गोदा : चांगला येतोय ना? बस. चहा टाकायला हात मोकळा नाही.

सुधीर : चहा नको. ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलोय. ताई, मी पत्रात लिहिलं होतं, ह्या वर्षी नको.

गोदा : मी उत्तरात लिहिलं होतं, होणार.

सुधीर : आमच्या हिच्या मावशीनं चारचौघांत विचारलं मला, तुमच्या आईचं वर्ष झालं नाही ना, मग ठाण्याला जेवणावळ कसली?

गोदा : हिच्या मावशीला डोंबिवलीत कसं कळलं?

सुधीर : कळतं. कांद्याचा वास आहे, पोचतो. हे बघ, आई होती तोवर ठीक होतं. आईला बोलायची कुणाची छाती नव्हती. तुला बोलतील. लग्न केलं नाहीस, मास्तरीण, आणि घरात विधवा जमवून कांदा खाऊ घालतेस.

गोदा : तुला कांद्याचा राग आहे की बायकांचा?

सुधीर : मला राग कशाचाच नाही. मला राग असायला पाहिजे होता खरं तर. सतरा वर्षांचा होतो मी पहिल्या वेळी. दुपारी तीनला घराबाहेर काढायचात, दिवे लागले की आत घ्यायचात. तलावपाळीवर दाणे खात बसायचो मी. अकरा देशांचं जेवण झालं ह्या घरात, मला चमचाभर मिळालेलं नाही.

गोदा : तुला प्रत्येक घरी पान होतं रे, सुधीर.

सुधीर : म्हणजे?

गोदा : म्हणजे काही नाही.

सुधीर : आणि कसले देश ते? आईनं कधी कल्याणापलीकडचं पाहिलं नाही. तू लायब्ररीतून इंग्रजी कादंबऱ्या आणायचीस, तिला मराठीत वाचून दाखवायचीस, आणि त्यातली माणसं जेवायला बसली की ती विचारायची, काय काय घातलंय त्यात? मला आठवतंय सगळं. ऑलिव्हचं तेल हवं म्हणून मला औषधाच्या दुकानात धाडलं होतं. अंगठ्याएवढी बाटली. तो विचारतो, मालिश कुणाला करायचंय?

गोदा : तू काय सांगितलंस?

सुधीर : सांगितलं, इटलीला. ते जाऊ दे. मी आत्ता येता येता रंगूबाईंना सांगून आलोय.

गोदा : काय सांगून आलास?

सुधीर : की आज काही नाही. वर्षाच्या आत करत नाहीत. बाकीच्यांना तुम्हीच निरोप द्या म्हटलं.

गोदा : काय म्हणाल्या त्या?

सुधीर : काही नाही. बरं म्हणाल्या.

गोदा : आणखी?

सुधीर : आणखी काय? ओट्यावर बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं नेसून. उठून आत गेल्या.

गोदा : तुला तेवढं दिसलं आणि तरी तू सांगितलंस.

सुधीर : कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आणि मी माझ्या एकट्याचं नाही सांगितलं. म्हटलं, आत्यालाही पसंत नाही. ती म्हणाल्यावर तर संपलंच ना. आत्याकडे बघ जरा, ताई. चौदाव्या वर्षी ह्या घरात परत आली. पन्नास वर्षं झाली. एक वेळ जेवते, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तुमच्या त्या पंगतीत एकदासुद्धा डोकावली नाही. आळीत अजून नाव घेतात. बाईनं राहावं तर असं.

आत्या : सुधीर.

सुधीर : काय, आत्या?

आत्या : रंगूला माझं नाव सांगितलंस?

सुधीर : सांगितलं की. खोटं आहे का?

आत्या : मला विचारलं होतंस?

सुधीर : त्यात विचारायचं काय?

आत्या : हं. तुझी गाडी कितीची?

सुधीर : साडेपाचची.

आत्या : मग नीघ.

सुधीर : अजून साडेतीनही नाही वाजले.

आत्या : तलावपाळीवर बस जाऊन. दाणे घे.

सुधीर : आत्या, मी तुझ्याच बाजूनं बोलत होतो.

आत्या : ते ऐकलं मी. चपला नीट घाल, गेल्या वेळी एका पायात दुसऱ्याची गेली होती.

गोदा : गेला.

आत्या : हलवतेयस ना?

गोदा : कशाला हलवू? रंगूबाई एव्हाना सगळ्यांकडे जाऊन आल्या असतील. कुणी यायचं नाही. आणि आल्या तरी मी काय वाढणार? ह्याच्या पुढं काय करायचं ते मला माहीत नाही, आत्या.

आत्या : पुस्तकात बघ.

गोदा : पुस्तकात नाही.

आत्या : पान हरवलं?

गोदा : नव्हतंच कधी. पुस्तकात एवढंच होतं की थंडी होती, दोघांनी कांद्याचं सार घेतलं आणि ती वेगळी झाली. एक ओळ. आई म्हणाली, कसं करतात ते वाच. ती विळीशी बसली होती, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा मला जेवणाचं काही विचारलं. मी वाचल्यासारखं करून सांगत गेले. तिकडं मांसाचं पाणी घालतात. ते कसं सांगणार? म्हटलं, मसुरीचं पाणी. चीज कशाला म्हणतात ते मीही पाहिलं नव्हतं. म्हटलं, दूध नासवून करतात. अकरा वर्षं, आत्या. ते तुर्कांचं, हंगेरीचं, इटलीचं, निम्म्याहून जास्त मी रचलेलं. ती माझ्या थापा रांधत होती आणि मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. जायच्या आधी आठ दिवस विचारत होती, गोदे, ह्या वर्षी कुठं जायचं? तेव्हाही नाही सांगितलं.

आत्या : तिला माहीत होतं.

गोदा : काय?

आत्या : पहिल्या दिवसापासून. पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. तू पाव तास बोलत असायचीस आणि पान तेच. मला दाराबाहेर कळत होतं, ती तर शेजारी बसलेली.

गोदा : ती म्हणाली तुला?

आत्या : त्याच दिवशी. म्हणाली, वन्सं, पोरगी थापा मारतेय, पण थापा चांगल्या शिजण्यासारख्या आहेत.

गोदा : आणि तू मला कधी—

आत्या : मी का सांगू? खरं लिहिलेलं असतं पुस्तकात, त्यात आमच्यासाठी काय लिहिलंय ते मी चौदा वर्षांची असल्यापासून जेवतेय. त्यापेक्षा तुझ्या थापा बऱ्या. हलव, गोदे. लागायला लागलाय.

गोदा : हलवतेय.

आत्या : गुळासारखा झाला की दोन चिमटी कणीक टाकायची आणि तीही भाजून घ्यायची. मग मसुरीचं पाणी, गरम. मसूर आधी कोरडी भाजून उकळायची आणि गाळून घ्यायची. डाळ नको, पाणीच. मिरी सहा दाणे, भरड. तमालपत्र एक. अर्धा तास झाकण. तोवर दूध तापव आणि लिंबू पिळ.

गोदा : चांगलं दूध मुद्दाम नासवू? तू सांगतेस?

आत्या : वहिनीनं पहिल्यांदा नासवलं तेव्हा मी तिकडं राम राम म्हणत बसले होते. पण ऐकत होते. फडक्यात बांधून वरवंट्याखाली दाबायचं. शेवटी शिळ्या भाकरीचा तुकडा, त्यावर ते दूध, आणि तापलेलं उलथणं वर धरायचं. चर्र आवाज आला की झालं.

गोदा : तू एकदाही चाखलेलं नाहीस. आणि मापं पाठ आहेत.

आत्या : अकरा वर्षं काय करत होते मी तिथं बसून? जप?

गोदा : मग आत का आली नाहीस?

आत्या : दादा गेला तेव्हा दहाव्या दिवशी वहिनीसाठी न्हाव्याला बोलवा म्हणणारी मी होते. तुला माहीत असेल.

गोदा : माहीत आहे.

आत्या : वहिनी म्हणाली, नाही, वन्सं. एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. आणि झालंच नाही ते. न्हावी आला आणि सुपारी घेऊन गेला. मी बघतच राहिले. एवढं सोपं होतं? एक शब्द? मग माझ्या वेळी कुणीच कसं ‘नाही’ म्हटलं नाही? आई होती, आबा होते, दादा सोळा वर्षांचा होता. तेव्हापासून मी तिच्या केसांकडे नीट बघितलं नाही. आणि ती दर चैत्रात पहिल्यांदा माझ्याकडे यायची. वन्सं, हात. मी म्हणायची, मीठ हातावर देऊ नये.

गोदा : आणि संध्याकाळी रंगूबाई म्हणायच्या, झकास झालंय, जरासं अळणी आहे.

आत्या : आणि वहिनी म्हणायची, असू दे, एकीचं राहिलंय. मोठ्यानं म्हणायची. मला ऐकू जावं म्हणून.

गोदा : हो.

आत्या : अकरा वर्षं ती बाई अळणी वाढत राहिली. एक दिवस चिमूटभर वर टाकून दिली असती तरी चाललं असतं.

गोदा : मी म्हटलं होतं तिला. म्हणाली, दुसरीच्या हातचं चालत नाही.

आत्या : किती वाजले?

गोदा : चार व्हायला आले. आत्या, तू इथं बसून हलव. मी धावत जाऊन सांगते सगळ्यांना.

आत्या : तू सांगून काय होणार? बहीण भावाचं भांडण म्हणतील. तो माझं नाव सांगून गेलाय. ते माझ्याच तोंडानं पुसलं पाहिजे. माझी काठी दे.

गोदा : आज? आत्ता? आळीभर सवाष्णी असतील, ताटं घेऊन. तू समोर आलीस तर अपशकुन म्हणतील.

आत्या : म्हणू देत. पन्नास वर्षं त्यांना दिसू नये म्हणून मी परसातून देवळात गेले. आज त्या जातील परसातून. थोडं लांब पडेल, पण पन्हं पिऊन निघाल्यात, चालवेल.

गोदा : ऊन आहे अजून.

आत्या : पहिल्यांदा रतनकडे जाते. तिची सासू माझ्याच वयाची आहे, तिला मी भातुकलीत मारलेलं आहे. मग रंगूकडे. तिला सांगते, लुगडं परत नेस. वाटी दे इकडं.

गोदा : ही घे. सहा खडे आहेत.

आत्या : सातवा?

गोदा : पदरात बांधून ठेवलाय मी. तू नाही म्हणशील म्हणून.

आत्या : सोड तो. मला कुणी बोलावलेलं नाही अजून. बोलावणं आल्याशिवाय मी दुसऱ्यांना काय बोलावू?

गोदा : आत्या.

आत्या : हा घे हात.

गोदा : हातावर मीठ दिलं की भांडण होतं म्हणतात.

आत्या : ठेव. आणि मागं बघ, कांदा बोलायला लागलाय.